पंख शिवणारी

माझी मावशी पंख शिवायची. चौथीत 'माझे नातेवाईक' या निबंधात मी हे वाक्य लिहिलं, तेव्हा वर्गशिक्षिकेने त्याखाली लाल रेघ ओढून "कल्पनाविलास नको" असा शेरा मारला. मी वही मावशीला नेऊन दाखवली. तिने चष्मा कपाळावर ढकलला, शेरा दोनदा वाचला आणि म्हणाली की त्या बाईंना एकदा इकडे घेऊन ये, त्यांच्या हातात सुई देते. बाई आल्या, पण सुई धरायला नाही, चाळीस मुलांची सहल घेऊन. तेव्हापासून दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेची मुलं मावशीच्या शेडमध्ये यायला लागली आणि माझ्या निबंधाचे कापलेले दोन गुण कुणी परत दिले नाहीत.

ती शेड ग्लायडर क्लबची होती. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मोठं गवताळ मैदान, एका टोकाला पत्र्याची लांबलचक शेड, दुसऱ्या टोकाला दोर गुंडाळणारं यंत्र. त्या यंत्राने दोर भराभर ओढला की ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं आणि मग दोर सोडून एकटं तरंगायचं. मावशीचा नवरा ते यंत्र चालवायचा. तो तापाने गेला तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. मावशी तोवर घरी बसून शाळेचे गणवेश आणि पडदे शिवत असे. क्लबवाल्यांनी आधी बसायच्या गाद्यांना खोळी शिवायला दिल्या, मग एकदा पंखाचं कापड फाटलं तेव्हा भीत भीत तेही दिलं. मावशीने ते असं शिवलं की फाटलं कुठे होतं ते शोधायला भिंग लागलं असतं. झालं, त्यानंतर सव्वीस वर्षं ती तिथेच. क्लबात तिला सगळे सुईबाई म्हणत.

पंख आतून लाकडी असायचा. लांब दांडा आणि त्याला आडव्या पातळ फासळ्या, माशाच्या काट्यासारख्या. मावशी त्यावर कापड चढवायची, फासळीफासळीला टाके घालायची आणि वरून रोगणाचे हात द्यायची. रोगण वाळलं की कापड आवळायचं आणि टिचकी मारली की टणटण वाजायचं. त्या रोगणाचा वास तिच्या साड्यांना, केसांना आणि आम्हाला दिलेल्या खाऊच्या डब्यालाही यायचा. स्वभावाने ती रोगणासारखीच होती, वाळली की ताठ. कामात कुणी लुडबुड केली की कात्री टेबलावर आपटायची. मुलांच्या प्रश्नांना मात्र कधी कंटाळली नाही.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला. इंजिन नाही, मग उडतं कसं? मावशी सांगायची की इंजिन कुणाला उडवत नाही, ते नुसतं पुढे ढकलतं. उडवते ती हवा. मग ती विचारायची, या शेडमध्ये किती वजनाची हवा आहे? कुणी म्हणे शून्य, कुणी म्हणे एक किलो. मावशी पावलांनी शेडची लांबी-रुंदी मोजून दाखवायची आणि म्हणायची की इथली सगळी हवा एका पोत्यात भरता आली, तर ते पोतं वजनाला एका मोटारीइतकं भरेल. मुलं वर बघायची, जणू मोटार डोक्यावर पडणार आहे. तिला तेच हवं असायचं. हवा म्हणजे काहीच नाही, हे एकदा डोक्यातून गेलं की पुढचं सोपं, असं तिचं म्हणणं.

मग ती मोठा उभा पंखा लावायची आणि एकेकाच्या हातात पुठ्ठा द्यायची. पुठ्ठा आडवा, अगदी सपाट धरला की काही होत नाही. पुढची कड जरा वर उचलली की पुठ्ठा आपोआप वर जायला बघतो. का? कारण त्याने समोरून आलेली हवा खाली ढकलली. तुम्ही हवेला खाली ढकललंत की ती तुम्हाला वर ढकलते, फुकट काही मिळत नाही. उंच जायची घाई करणाऱ्याला ती कड आणखी, आणखी वर करायला लावायची. एका क्षणी पुठ्ठा वर जायचं सोडून मागे कलंडायचा, कारण इतक्या उभ्या चढावर हवा पाठीला धरून राहतच नाही, विस्कटते. "हाव केली की असं होतं," ती म्हणायची. "वैमानिकाचं आणि जेवणाऱ्याचं सारखंच."

यानंतर सगळ्यांना नळापाशी नेऊन चमच्याचा प्रयोग. चमचा दांड्याला सैल धरायचा आणि त्याची फुगीर पाठ हळूच धारेला टेकवायची. वाटतं पाणी चमच्याला बाजूला फेकेल. होतं उलटंच. पाणी पाठीला चिकटून वळतं आणि चमचा धारेत ओढला जातो. पंखाची वरची बाजू अशीच फुगीर असते. हवा तिच्यावरून वळत वळत मागे खाली जाते आणि पंख वर ओढला जातो. वरून ओढ, खालून ढकल, दोन्ही मिळून एकच काम.

एकदा सहलीबरोबर आलेल्या विज्ञानाच्या सरांनी मधेच सांगितलं की पंखाची वरची वाट लांब असते, म्हणून वरच्या हवेला खालच्या हवेबरोबर पोचण्यासाठी जोरात धावावं लागतं. मावशीने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की दोघींनी एकत्रच पोचायचं असं कुणी ठरवलं, हवेची काय सहल निघालीय? सर म्हणाले पुस्तकात आहे. मावशीने कोपऱ्यातलं एक जुनं सपाट फळकूट दाखवलं. याची वरची वाट आणि खालची वाट सारखीच, तरी पुढची कड उचलली की हे उडतं, ते कसं? वरची हवा जोरात जाते हे खरं, पण ती खालचीसाठी थांबतबिंबत नाही, उलट आधी पोचते. सर फळकूट हातात घेऊन उलटसुलट करून बघायला लागले. मला तेव्हा फार आनंद झाला होता, लाल रेघेचा हिशेब चुकता झाल्यासारखा.

शेवटचा प्रयोग वजनाचा, आणि हा मी मुद्दाम सविस्तर सांगतेय. पंखाच्या मागच्या कडेला टोकाकडे एक लांब, अरुंद फळी बिजागरीने बसवलेली असते. वैमानिकाने हातातली चालवायची काठी डावीकडे नेली की डावी फळी वर होते, उजवी खाली, आणि ग्लायडर डावीकडे कलतं. फळीचं काम एवढंच, पण तिचे नखरे फार. मावशी पुठ्ठ्याच्या मागच्या कडेला कागदाची पट्टी चिकटपट्टीने बिजागरीसारखी लावायची आणि पंख्यासमोर धरायची. पट्टी गुमान वाऱ्याच्या रेषेत राहायची. मग त्या पट्टीच्या अगदी मागच्या काठाला ती मातीची वाटाण्याएवढी गोळी चिकटवायची आणि पंखा वाढवायची. पट्टी वेड लागल्यासारखी फडफडायला लागे, इतकी की पुठ्ठा हातात धरवत नसे. पुठ्ठा वर हलला की जड काठ मागे राहतो, तो मागे राहिला की वारा त्याला ढकलतो, ढकलला की पुठ्ठा आणखी हलतो. एकमेकांना चिडवणाऱ्या दोन भावंडांसारखं ते वाढतच जातं. खऱ्या ग्लायडरमध्ये असं वेगात झालं तर फळी तुटते, कधी पंखही. म्हणून फळीला साधा टाका घातला तरी ती उतरवायची, बिजागरीवर टांगायची, मागचा काठ तराजूवर टेकवायचा आणि काटा ठरलेल्या आकड्याच्या आत आहे ना ते बघायचं. वजन झाल्यावर फळीला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. हा मावशीचा कायदा होता. पोरांकडून ती तो मोठ्याने म्हणवून घ्यायची.

मावशीची मुलगी म्हणजे भिंगरी. नाव दुसरं होतं, पण तिला एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. शेडमध्येच वाढली, पंखाखाली झोपली, रोगणाच्या रिकाम्या डब्यांवर अभ्यास केला. एकविसाव्या वर्षी तिने उडायला शिकायचं ठरवलं तेव्हा मावशीचं आठवडाभर भाजीत मीठ चुकत होतं. क्लबचे शिक्षक, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, मागच्या जागेवर बसून भिंगरीला शिकवायला लागले. मनाने प्रेमळ माणूस, पण कौतुक करायचं झालं तर खिशातून पैसे जावेत असा चेहरा करायचे.

हंगाम संपत आला. पुढे चार महिने मैदान ओलं, उड्डाणं बंद. क्लबचा नियम असा की हंगामात एकट्याने उडायची परवानगी मिळाली नाही, तर पुढच्या वर्षी पहिल्या धड्यापासून सुरुवात. त्यातच भिंगरीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. म्हणजे उरला एक रविवार. क्लबात उडण्याजोगं ग्लायडरही तेव्हा एकच होतं, दुसऱ्याचे पंख सोलून ठेवलेले होते. आणि त्या एकाची उजवी फळी आदल्याच आठवड्यात उतरताना एका खुंटाला घासून फाटली.

मावशीने फळी उतरवली, कापड बदललं, रोगण दिलं, वाळल्यावर वजन केलं. आकडा आत होता. फळी बसवून टाकली. शनिवारी दुपारी कप्तान चहाला आले आणि जाता जाता म्हणाले की उद्या भिंगरीला एकटीला सोडतोय. ते गेल्यावर मावशी उठून पुन्हा त्या फळीपाशी गेली. शिवण उत्तम होती. त्या शिवणीवर तिने दुसऱ्या कुणालाही डोळे मिटून पाठवलं असतं. पण ती तिथेच उभी राहिली. मग तिने कापडाची एक लांब पट्टी कापली आणि फळीच्या मागच्या काठावर, टोकापासून टोकापर्यंत, शिवणीवरून चिकटवली. वर रोगणाचे दोन हात दिले. पोरगी गार हवेत निघाली की आई स्वेटरवर स्वेटर चढवते, तसं. वाळल्यावर तिने ती जागा घासून अशी एकसारखी केली की पट्टी दिसू नये.

हे तिनेच मला पुढे सांगितलं. मी विचारलं की तुला कळत नव्हतं का? ती म्हणाली, "कळत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. हात थांबत नव्हते एवढं खरं."

रविवारी मी मैदानावर होते. खरं तर माय-लेकींचा निरोप समारंभ बघायला आले होते. आधी कप्तान भिंगरीला घेऊन एक फेरी मारून आले. खाली उतरल्यावर ते खूश होते, म्हणजे त्यांच्या मानाने खूश. वर तिने थोडा वेग घेतला तेव्हा काठी जरा थरथरली, वारा खळबळीचा असेल, एवढं बोलून ते मागच्या रिकाम्या जागेचे पट्टे आवळायला लागले. ते सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी मनावर घेतलं नाही. खाई त्याला खवखवे. मावशीचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं लेक एकटी वर जाणार म्हणून.

ग्लायडर जमिनीवर एका चाकावर उभं असतं, म्हणून त्याचा एक पंख कायम गवतावर टेकलेला. उड्डाणाच्या वेळी कुणीतरी तो पंख उचलून सरळ धरतं. पंख सरळ झाला म्हणजे आम्ही तयार, दोर ओढा. पंख खाली ठेवला म्हणजे थांबा, मग समोर राजा बसलेला असो. नंतर पंख धरणारा चार पावलं पळतो आणि हवा पंखाचा भार घेते तसा तो हातातून सुटतो. भिंगरीने त्या दिवशी हट्ट धरला होता की पंख आईनेच धरायचा.

मावशी पंखाच्या टोकाशी गेली. तिच्या मनात काय चाललं होतं तेही तिने मला सांगितलं. फेरी सहा मिनिटांची. भिंगरीला वेग घ्यायची गरज नाही. कप्तान उडून आलेच की, काय झालं? नोकरी उद्यापासून. पोरीने दोन हंगाम या दिवसाची वाट पाहिली. आणि बोललं तर इतक्या वर्षांची अब्रू जाणार, ती वेगळीच. कुणालाही कळणार नव्हतं, पट्टी तिने घासून ठेवली होती.

तिने पंख उचलला. लांबवर यंत्र सुरू झालं, गवतातला सैल दोर सरकायला लागला, ताणत आला. काचेआड भिंगरी समोर बघत होती. आणि मावशीने पंख खाली ठेवला. हळूच, बाळ ठेवावं तसा गवतावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले. दोर थांबला. कप्तान धावत आले. मावशी म्हणाली, "फळी उतरवा. वजन झाल्यावर मी हात लावलाय."

शेडमध्ये फळी टांगली, मागचा काठ तराजूवर टेकवला. ठरलेल्या आकड्यापेक्षा अडतीस ग्रॅम जास्त. अडतीस ग्रॅम म्हणजे काय, एखादं लिंबू. पण ते लिंबू मागच्या काठावर होतं. कप्तान स्टुलावर बसले. तासाभरापूर्वी ते स्वतः त्या ग्लायडरमध्ये होते, पुढे ही पोर. ते ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "बाई, तुम्ही?" मावशी हो म्हणाली. सबब सांगितली नाही, रडली नाही. पट्टी सोलून, पुन्हा रोगण देऊन, वाळवून, वजन करेपर्यंत संध्याकाळ झाली असती. हंगाम तिथेच संपला.

भिंगरी दारात उभी होती, हेल्मेट हातात. मला आजही तिचा आवाज आठवतो, चढलेला नव्हता.

"दुसऱ्या कुणासाठी लावली असतीस ही पट्टी?"

"नाही."

"मग माझ्यासाठीच का?"

मावशीने तराजूवरची फळी उचलून घेतली. भिंगरी म्हणाली, "माया कर, पण खाली उभी राहून कर. माझ्या पंखावर नको." आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. मला तिचा संताप आला होता. आईशी असं बोलतात? पण अति तिथे माती म्हणतात ती इथे खरोखर झाली असती, हेही दिसत होतं. रागवावं कुणावर ते कळेना, म्हणून मी दोघींवर रागावले.

क्लबने मावशीला काढलं नाही. तिने स्वतःच सांगितलं की यापुढे माझ्या कामाचं वजन मी करणार नाही, दुसऱ्याने करायचं, आणि उड्डाणाच्या दिवशी सकाळी पुन्हा करायचं. पुढच्या सहलीला मी मुद्दाम गेले. पुठ्ठा, चमचा, मातीची गोळी, सगळं नेहमीसारखं झालं. मग तिने खिशातून सोललेल्या कापडाची गुंडाळी काढली आणि मुलांना सरळ सांगितलं की ही मी लावली होती, माझ्या मुलीच्या फळीला, नियम मला पाठ असताना. एका मुलीने विचारलं की मग तुम्ही रडलात का? मावशी म्हणाली, "रडले. पण आधी वजन केलं."

मध्ये चार महिने गेले. भिंगरीचे फोन यायचे, पण हवापाण्याचेच, म्हणजे खऱ्या हवेबद्दल एक अक्षर नाही. नवा हंगाम सुरू झाला तशी ती दर शनिवारी-रविवारी रात्रभराचा प्रवास करून यायला लागली. पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा. कप्तानांनी एक धडा माफ केला नाही आणि तिने मागितलाही नाही. आईशी ती बोलायची, जेवायची, भांडी घासायची. त्या दिवसाचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही.

तिचा एकटीचा दिवस आला तेव्हा ती उजाडताच शेडमध्ये आली. कप्तानांनी ठरल्याप्रमाणे आधीच वजन करून ठेवलं होतं. त्यांनी चिठ्ठी दाखवली. भिंगरीने ती वाचली, बाजूला ठेवली आणि पाना घेऊन दोन्ही फळ्या स्वतः उतरवायला लागली. सगळ्यांसमोर, आई दोन हातांच्या अंतरावर उभी असताना. तिने प्रत्येक फळी टांगली, मागच्या काठावरून बोट फिरवत नेलं, टाके मोजावेत तसं, मग काठ तराजूवर टेकवला. माझा पारा चढत चालला होता. वाटलं, वर्षभर मनात ठेवून आज हिने आईला असं उभं केलं.

मी मावशीकडे पाहिलं. तिला अपमान वाटत असेल असं मी धरून चालले होते. ती तर पुढे वाकून काटा बघत होती.

"किती?" तिने विचारलं.

भिंगरीने आकडा सांगितला.

"परत वाच. सरळ समोरून वाच, तिरपं नको."

भिंगरी सरकून समोर आली आणि तिने परत वाचला. तोच होता. दुसऱ्या फळीचाही आत होता. तिने फळ्या बसवल्या, बिजागऱ्या हलवून पाहिल्या आणि ग्लायडरमध्ये जाऊन बसली. मैदानावर चालत जाताना मावशी माझ्या कानाशी म्हणाली, "गेल्या वर्षी ती माझ्यावर डोळे झाकून विसंबली होती. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आज नाही वाटत."

ती पंखाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. काचेतून भिंगरीने तिच्याकडे बघून मान हलवली. मावशीने पंख उचलला, आणि दोर ताणल्यावरही तो खाली ठेवला नाही.